मखराला यंदा झेंडूची माळ लावायची नाही

ए-२०३: काका गणपतीची चवथ आली तोंडावर आणि मी अडकलोय. भावाकडून १० इंची कंपाउंड मायटर सॉ (लाकूड कोनात कापायचं मशीन) आणली, मखराच्या अष्टकोनी चौकटीसाठी तिचं फिरतं टेबल २२.५ डिग्रीच्या खाचेत टक् करून बसवलं, ३ इंची आठ पट्ट्या कापल्या. सात सांधे झकास आणि आठव्यात बोट जातंय 😭

सी-१०४ काकू: गेल्या वर्षी पण तिथेच माळ लावून झाकलेलं ना रे

बी-१०१ काका: आठ पट्ट्या म्हणजे १६ काप. प्रत्येक कापात अर्धा डिग्री चुकला की ८ डिग्री झाले, ते सगळे शेवटच्या सांध्यात येऊन बसतात. आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, भावाकडून स्कूटरवर आणलीस ना, तेवढ्यात पण फेन्स, म्हणजे पट्टी टेकवायची ती मागची भिंत, हलते. आधी प्लग काढ, मग टेबल शून्यावर घेऊन ब्लेड खाली कर नि गुण्या (काटकोन तपासायचा) लाव, एक बाजू फेन्सला, एक ब्लेडला. दातांना नाही हां लावायचा, दात पात्यापेक्षा जाड असतात, दोन दातांच्या मधे सपाट पत्र्याला लाव

ए-२०३: लावला. फेन्सच्या एका टोकाला कागद जातोय

बी-१०१ काका: मिळाला चोर. आणि टेबल एकाच बाजूला ठेवून पट्टी पलटून पलटून कापलीस ना? म्हणून चूक साठत गेली. एक टोक डावीकडे नि दुसरं उजवीकडे फिरवून कापलं असतंस तर एकात जास्त एकात कमी होऊन सांधा जुळला असता. पण तसलं नशीब नको, फेन्सचे बोल्ट ढिले कर, गुण्याला टेकवून परत आवळ, मागचा भुसा ब्रशने काढ. मग रद्दी पट्टीचे दोन तुकडे काप, जोडून १३५ डिग्री येतात का बघ, तोवर सागवानाला हात नको

सेक्रेटरी: वरच्या छताच्या पट्ट्या पण यंदा ४५ च्या उताराने तिरक्या ठेवायच्या ठरल्यात, त्या पण २२.५ वरच ना

बी-१०१ काका: नाय हो. उतार आला की दोन्ही कोन बदलतात, टेबल १६.३ वर फिरवायचं नि ब्लेडचं डोकं १५.७ कलवायचं. चौकोनी छत असतं तर ३५.३ आणि ३०. डोकं कलवायच्या आधी फेन्सचा वरचा सरकता भाग बाजूला घे, नाहीतर ब्लेड सरळ अॅल्युमिनियम कापतं, मी एकदा कापलंय, आवाज अजून कानात आहे

ए-२०३: आणि लांबी?

बी-१०१ काका: टेपने आठ वेळा मोजत बसू नकोस, फेन्सला एक ठोकळा क्लॅम्प कर, पट्टी टेकव, काप. ब्लेड पूर्ण स्पीडला आलं की खाली आण, स्विच सोडून थांबलं की मगच वर घे, नाहीतर छोटा तुकडा उडतो

सी-१०४ काकू: २ ते ४ मशीन लावलीस तर मी खाली येईन हां, सांगून ठेवते

ए-२०३: नाही काकू, ४ नंतरच. आणि गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची चौकट?

बी-१०१ काका: ती चौकोनी, ४५ वर चार कोपरे. पण तिला नारळ सुपाऱ्यांचं वजन येतं, नुसत्या डिंकावर सोडू नकोस, आतून स्क्रू मार

ए-२०३: (५.२० वा.) रद्दीच्या आठ पट्ट्या जोडल्या. आठव्यात कागदसुद्धा जात नाही. देव बरें करूं काका 🙏 आता भुसा कोणाला हवाय, दोन गोणी झालाय