निळ्या तारामाशाचा हात पांढरा पडून विरघळतोय, काय करू?

कोथरूडचा_खारट
मंडळी, जरा घाईत विचारतोय. तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे, अंदाजे १९० लिटर, चालू होऊन पाच महिने झाले. दोन क्लाउनफिश आणि शंखातले चार खेकडे मजेत आहेत. महिन्यापूर्वी मुंबईहून निळा लिंकिया जातीचा तारामासा आणला. नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब देत, त्याला सवय करत तीन तास घालवले आणि मगच सोडला. रोज काचेवर फिरायचा.

गेल्या आठवड्यात लग्नासाठी पाच दिवस गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा स्वारी ठीक होती. परवापासून मात्र एका हाताचं टोक पांढरं पडलंय आणि आज तिथून चिंध्या निघतायत. काचेवर ठेवला तरी चिकटत नाही, घरंगळतो. आई म्हणते, "झोपला असेल." अमोनिया शून्य, नायट्रेट १०, तापमान २७. काय चुकलं?

मत्स्यगंधा७
फंगस वाटतंय. माझ्या माशांना पांढरे ठिपके आले होते तेव्हा तांब्याचं औषध घातलं, चार दिवसांत साफ. तेच घालून बघा.

वसईची_मावशी
अहो, थांबा! तांब्याचा थेंबही नको. तारामासा, खेकडे, कोळंबी सगळे मरतील, शिवाय ते तांबं दगडांत मुरून बसेल ते वेगळंच. माशांचं औषध माशांपुरतं.

खारटदादा, दोनच गोष्टी सांगा. पाच दिवस बाष्पीभवन झालेलं पाणी कोणी भरलं? आणि खारेपणा कशाने मोजता?

कोथरूडचा_खारट
मावशी, कोणीच भरलं नव्हतं. वर दोन पंखे चालू होते, त्यामुळे पातळी चांगलीच खाली गेली होती. आल्या आल्या आरओच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन ओतला. मोजायला काट्याचा हायड्रोमीटर आहे, पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवणारा. ओतण्याआधी १.०२९, नंतर १.०२५. म्हणजे बरोबर आलं ना?

वसईची_मावशी
आकडा बरोबर आला, पण पंधरा मिनिटांत आला. तिथेच घात झाला.

माशाला कल्ले आहेत, मूत्रपिंड आहे, मीठ-पाण्याचा हिशोब तो आतल्या आत सांभाळतो. तारामाशाकडे ती सोय नाही. त्याच्या अंगात रक्तच नाही, जवळजवळ समुद्राचंच पाणी खेळतं. पाठीवर मध्यापासून जरा बाजूला बटणासारखा ठिपका दिसतो बघा, ती त्या जलवाहिन्यांची चाळणी. हातांखालच्या शेकडो नळ्या, म्हणजे त्याचे पाय, याच पाण्याच्या दाबावर चालतात. बाहेरचं पाणी एकदम गोडं झालं की ते पेशींत घुसतं, पेशी फुगतात, फुटतात. आणि हे लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हात गळायला लागतो. तुम्ही आणताना तीन तास थेंबथेंब केलंत, आणि घरच्या घरी कॅन उपडा केलात.

आता एकदम काही करू नका. १.०२५ वरच राहू द्या. हवेत उचलू नका. उलटा असताना काचेतून खालची बाजू नीट बघा: लिंकियाच्या अंगावर हरभऱ्याएवढी परजीवी गोगलगाय कधीकधी चिकटलेली असते. मधली चकती घट्ट आहे तोवर आशा आहे, हात पुन्हा येतात. चकती मऊ झाली तर त्याच क्षणी काढा, नाहीतर अमोनिया चढून क्लाउनही जातील.

आणि एक कडू बोलते. हा वाचला तरी पाच महिन्यांच्या टाकीत उपाशीच राहणार. तो पोट बाहेर काढून दगडावरचा बारीक थर चाटतो, तो थर एवढ्या नव्या टाकीत पुरत नाही. महिनोन्‌महिने बारीक होत जातो आणि आपल्याला वाटतं सुखात आहे. माझे दोन असेच गेले, २०१४ मध्ये. हौस असेल तर ब्रिटल स्टार ठेवा, बारीक लवचीक हातांचा, ताऱ्यांचाच भाऊबंद: दिवसा दगडाखाली दडतो, रात्री कोळंबीचा तुकडा ओढून नेतो.

हर्णै_बंदर
मावशी, आमच्याकडे ओहोटीला वाळूत चपटे तारे सापडतात. ते चालतील का?

वसईची_मावशी
नको रे बाबा. ते बहुतेक वाळूतले तारे असणार. पायाच्या नळ्या टोकदार असतात, चिकटायच्या चकत्या नसतात, म्हणून काचेवर चढत नाहीत. वाळूतल्या शिंपल्या अख्ख्या गिळतात. तुझ्या टाकीतली वाळू महिन्याभरात रिकामी होईल, मग काय घालशील? पालथा पडलेला दिसला तर ओल्या वाळूत सुलटा करून ठेव.

कोथरूडचा_खारट
गोगलगाय नव्हती. गुरुवारी रात्री चकती मऊ लागली, काढला. ताटलीत घेतला तर हातात निळं काहीच उरलं नाही.

काल एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, तो थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारेपणा मोजतो. माझा काटा १.०२५ दाखवतो तेव्हा खरं पाणी १.०२२ आहे! बघितलं तर काट्याला मोहरीएवढा बुडबुडा चिकटलेला. काचेवर चिकटपट्टी लावून पातळीची रेघ मारलीय. आज सकाळी रेघेपर्यंत चार लिटर लागलं, तेही नळीने, थेंबथेंब. मावशी, पाणी १.०२५ वर न्यायला मीठ किती दिवसांत वाढवू?

वसईची_मावशी
घाई नको. रोज ०.००१ पुरे. आणि तो हायड्रोमीटर वापरायचाच असेल तर आधी बोटाने टिचकी मार.