एंगेजमेंट रेटच्या मागे धावणं ब्रँडनी आता थांबवावं का?

आकडेबाज
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. बारा वर्षं डिजिटल मार्केटिंगमध्ये काढली, आणि दर महिन्याच्या रिपोर्टात सगळ्यात वर, ठळक अक्षरात, तोच एक आकडा. एंगेजमेंट रेट. लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह यांची बेरीज भागिले रीच (म्हणजे पोस्ट किती जणांपर्यंत पोचली), नाहीतर भागिले फॉलोअर (कशानं भागायचं तेही धड ठरलेलं नाही, ज्यानं आकडा मोठा दिसेल त्यानं भागतात). मागे एका क्लायंटसाठी गिव्हअवे केला, तीन मित्रांना टॅग करा आणि जिंका वगैरे. आकडा असा काही उडाला की मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात त्यातली निम्मी मंडळी अनफॉलो करून गेली आणि उरलेल्यांना आमच्या पोस्टशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यामुळे रीच गिव्हअवेच्या आधी होता त्याच्याही खाली आला. विक्री म्हणाल तर जागची हललीसुद्धा नाही.

तर माझं म्हणणं, हा आकडा टार्गेट म्हणून सरळ काढून टाका. साबण-डायपर विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनं (पी अँड जी) २०१७ मध्ये डिजिटल जाहिरातीतले २० कोटी डॉलर कापले, काही आभाळ कोसळलं नाही. पटत नसेल तर बोला.

कंटेंटवाली
साफ असहमत. गिव्हअवे फसला तुमचा आणि फाशी एंगेजमेंटला होय?
आणि ते पी अँड जीचं उदाहरण तुमच्याच अंगावर उलटतं. त्यांनी कापलं ते वाया जाणारं. त्यांचे मार्केटिंग प्रमुख मार्क प्रिचर्ड यांनीच सांगितलं होतं की मोबाइल फीडमधली जाहिरात लोक सरासरी १.७ सेकंद बघतात. म्हणजे नुसतं डोळ्यासमोरून सरकणं कुचकामी, लोकांनी थांबायला पाहिजे, काहीतरी करायला पाहिजे. त्यालाच तर एंगेजमेंट म्हणतात ना?
लेगोचं बघा. या खेळण्यातल्या ठोकळ्यांच्या कंपनीची लेगो आयडियाज नावाची वेबसाइट आहे, तिथे कुणीही डिझाइन टाकायचं, १०,००० जणांचा पाठिंबा मिळाला की कंपनी ते विचारात घेते, सेट बाजारात आला तर डिझाइन करणाऱ्याला विक्रीतला १ टक्का. इथे प्रेक्षक नुसता अंगठा दाबत नाही, मालच ठरवतो. हे पण सोडून द्यायचं?

आकडेबाज
ताई, लेगोची गोष्ट वेगळी, तिथे दहा हजार माणसं एका वस्तूला "मला ही पाहिजे" म्हणतायत. आमच्या रिपोर्टात त्या माणसाला आणि झोपता झोपता हार्ट दाबणाऱ्याला एकच मार्क. भांडण तिथेच आहे.

मीममास्तर
भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो ॲपचं नाव कसं नाही आलं अजून? त्यांचं हिरवं घुबड टिकटॉकवर काय काय चाळे करायचं, लोक जाहिरात आहे हे विसरून बघायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये घुबड मेलं म्हणून जाहीर केलं तर सगळं इंटरनेट सुतकात. पैसे ओतून हे होत नाही दादा, वर्षानुवर्षं तीच मस्करी त्याच आवाजात करावी लागते.

वाचनमात्र
मीममास्तर, पुढचं पण सांगा की. एप्रिलमध्ये त्यांनी "आता आधी एआय" असं धोरण जाहीर केलं आणि त्याच कमेंटांमध्ये लोकांनी असं काही धुतलं की मे महिन्यात टिकटॉकवरच्या सगळ्या पोस्टी काढून टाकायची वेळ आली. ज्यांना सलगीची सवय लावली ते सलगीनंच भांडायला आले, त्यात चूक काय.

आकडेबाज
आणि गंमत म्हणजे त्यांचे रोजचे युजर त्या वर्षी वाढतच राहिले! आता सांगा, कमेंटांचा आणि धंद्याचा नक्की संबंध काय?

कंटेंटवाली
युजर वाढले ते त्याआधीच्या मस्करीच्या पुण्याईवर, असं मी म्हणेन. सिद्ध करता येणार नाही हे मान्य. पण तुम्हाला तरी उलटं कुठे सिद्ध करता येतंय?

भाडेकरू
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय असं वाटतं. घर कुणाचं आहे ते बघा आधी. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं ठरवलं की फीडमध्ये मित्र आणि घरचे आधी, ब्रँडची पेजं मागे. झालं, लाखभर फॉलोअर असून पोस्ट पोचेना. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलनं आयफोनवर ट्रॅकिंगआधी (म्हणजे ॲपनं तुमचा माग काढण्याआधी) परवानगी विचारणं सक्तीचं केलं आणि त्या मागावरच जाहिराती विकणाऱ्या, फेसबुकच्या मालक मेटानंच पुढच्या वर्षाचा फटका साधारण १,००० कोटी डॉलर सांगितला. जिथे मालकालाच असा दणका बसतो तिथे आपण कोण? मे २०२४ पासून गुगल सर्चमध्ये वरच एआयचं उत्तर येतं, मग खालच्या लिंकवर क्लिक कोण करतंय. भाड्याच्या खोलीला किती रंग काढायचा!
मी स्वतः छोटा व्यवसाय करतो, रील बनवणं जवळपास बंद केलंय. इमेलची यादी आणि व्हॉट्सॲप, ते पण ज्यांनी आपणहून नंबर दिला त्यांनाच. लोक कमी आहेत पण उत्तर देतात, तक्रारसुद्धा करतात.

मीममास्तर
भाडेकरू, व्हॉट्सॲपचा मालक कोण आहे ठाऊक आहे ना? :)

भाडेकरू
आहे हो ठाऊक. म्हणून इमेल आधी लिहिलं.

कंटेंटवाली
पण त्या यादीत नवीन माणूस येणार कुठून? रीलमधूनच ना शेवटी. लश या साबण-सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं नोव्हेंबर २०२१ मध्ये इन्स्टा, फेसबुक, टिकटॉक सगळं सोडलं, वा वा झाली. त्यांची रस्तोरस्ती दुकानं आहेत, त्यांना परवडतं.

शिवाय खरी चर्चा आता खाजगीत गेलीय. लोक कमेंट टाकत नाहीत, मैत्रिणीला डीएममध्ये (खाजगी मेसेजात) पाठवतात. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी हेच सांगतात की बघण्याचा वेळ, लाइक आणि सेंड (पोस्ट कुणाला पाठवणं) हे रँकिंगचे, म्हणजे कुठली पोस्ट वर दाखवायची ते ठरवणारे, मोठे सिग्नल. तेव्हा रिपोर्टाचं वजन बदला, सेंडला जास्त मार्क द्या, हार्टला कमी. आकडाच फेकून देणं म्हणजे ताप मोजायचा नाही म्हणून थर्मामीटर फोडणं झालं.

आकडेबाज
सेंडचा मुद्दा मान्य, तो मी रिपोर्टात घेतो. पण थर्मामीटर बरोबर आहे हे तपासणार कसं? ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबेनं तपासलं होतं. स्वतःच्याच नावाच्या सर्चवर जाहिराती देत होते, त्या बंद केल्या, तर ९९.५ टक्के ट्रॅफिक फुकटच्या लिंकवरून तसंच आलं. म्हणजे जे लोक येणारच होते त्यांना दारात पैसे देऊन आत घेत होते. बंद केल्याशिवाय हे कधी कळलंच नसतं.

कंटेंटवाली
मग करा ना तुम्ही पण. अर्ध्या भागात पोस्टी आणि जाहिराती दोन महिने बंद, अर्ध्यात चालू. विक्री ताडून बघा. हरलात तर इथे येऊन लिहायचं, पळायचं नाही.

वाचनमात्र
खुर्ची ओढून बसलोय.

आकडेबाज
काल क्लायंटपुढे मांडलं. सेंडचा कॉलम वाढवायला लगेच हो म्हणाले. पोस्टी सगळीकडेच दिसतात, भागाप्रमाणे बंद कशा करणार असं त्यांच्याच टीममधल्या एकानं विचारलं, बरोबर आहे ते, म्हणून फक्त पेड जाहिराती बंद करून बघू असं ठरत आलं होतं. सगळं ऐकून घेतलं साहेबांनी, मान पण डोलावली. मग विचारतात, "ते ठीक आहे, पण त्या दोन महिन्यांच्या रिपोर्टात एंगेजमेंट किती दाखवायचं?"

कंटेंटवाली
😂 तुम्ही काय म्हणालात?

आकडेबाज
चहा मागवला.