क्युबेकमधलं मूळ आडनाव कसं शोधायचं?

प्रश्न: मॅसॅच्युसेट्सच्या १९००च्या जनगणनेत कुटुंब ‘ग्रीनवुड’ आहे, मूळ फ्रेंच कॅनडा. क्युबेकच्या नोंदींत हे आडनाव मिळत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: ‘ब्वाव्हेर’ शोधा. न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स धरून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या) गिरण्यांत क्युबेकहून आलेल्यांची आडनावं सर्रास भाषांतरित झाली: ब्वाव्हेरचं ग्रीनवुड, लब्लांचं व्हाइट, र्‍वाचं किंग. पण आधी अमेरिकेतल्या कॅथलिक चर्चची विवाहनोंद काढा. पाद्री फ्रेंच असेल तर मूळ आडनाव तिथेच मिळतं. क्युबेकमध्येही जन्मनोंदीमागे धावू नका, विवाहनोंद धरा. पहिल्या लग्नात वधूवर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, म्हणजे एका कागदात एक पिढी मागे. विधुर-विधवेच्या लग्नात मात्र बहुधा आधीच्या जोडीदाराचंच नाव असतं; मग पहिलं लग्न शोधावं लागतं.

उत्तर २: ‘दी’ (फ्रेंचमध्ये ‘म्हणवला जाणारा’) विसरू नका, खरी गाठ तिथेच बसते. ‘मिव्हिल दी देशेन’ म्हणजे देशेन म्हणवला जाणारा मिव्हिल. अशी बरीच नावं सैनिकांच्या टोपणनावांतून आली. एक भाऊ मिव्हिल, दुसरा देशेन असं सहज घडतं, म्हणून दोन्ही शोधा. बायका नोंदींत माहेरच्याच आडनावाने असतात, हा मोठाच आधार. मुलग्यांना ‘जोसेफ’ आणि मुलींना ‘मारी’ बहुधा आधी लावतात. हाक मारायचं नाव शेवटचं.

उत्तर ३: १८४९ पर्यंतच्या कॅथलिक नोंदींसाठी माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा डेटाबेस पाहा, पुढच्यांसाठी चर्चनोंदींच्या प्रतींचा द्रुएँ संग्रह. विवाहनोंदीत ‘तिसऱ्या पिढीच्या नात्याची सूट’ (नात्यातल्या लग्नाला चर्चने दिलेली परवानगी) दिसली तर वधूवरांचे पणजोबा-पणजी सामाईक. तुटलेली शाखा त्यावरून जुळते.