महामंडळांना मुदत घालणारा कायदा: टेक्सासची पद्धत आपल्याकडे बसेल का?

इंदिरानगरकर:
टेक्सासमध्ये बहुतेक सरकारी संस्थांना कायद्यानेच मुदत असते. विधिमंडळाने नव्याने मंजुरी दिली नाही तर दुकान बंद. हे प्रत्यक्षात चालतं कसं? आणि आपल्या नाशिकला मुख्यालय असलेल्या आदिवासी विकास महामंडळाला असा नियम लावायचा म्हटलं तर?

गोदाकाठ:
हा 'सनसेट' कायदा १९७७ चा. साधारण १२ वर्षांनी एकेका संस्थेची पाळी येते. तपासणी करणाऱ्या सनसेट आयोगावर १२ जण: दोन्ही सभागृहांचे पाच-पाच आमदार आणि दोन नागरिक. संस्था आधी स्वतःचं मूल्यमापन लिहून देते. मग आयोगाचे कर्मचारी तपासणी करून अहवाल काढतात: कामाची अजून गरज आहे का, तेच काम दुसरीकडे होतंय का, तक्रारी किती वेळात निकाली निघतात. पुढे जाहीर सुनावणी, शिफारशी आणि विधेयक. विधेयक झालं नाही तर आवराआवरीला एक वर्ष मिळतं.

सगळा जीव त्या कर्मचारी अहवालात आहे. तो पोकळ असेल तर पुढचं नुसतं नाटक.

अडतं कुठे? २०१९ मध्ये प्लंबिंग परवाने देणाऱ्या मंडळाचं विधेयक फसलं आणि गव्हर्नरांना आपत्कालीन अधिकार वापरून त्याला २०२१ पर्यंत जगवावं लागलं. २०१७ मध्ये वैद्यकीय मंडळाच्या मुदतीपायी विशेष अधिवेशन बोलवायची वेळ आली. मुदत जवळ आली की संस्था ओलीस धरून भलतीच मागणी रेटता येते.

कलम_कारकून:
आपल्याकडे आधी संस्थेचा कायदेशीर साचा बघा, 'महामंडळ' या पाटीवर जाऊ नका. एमआयडीसी १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने झाली. ती संपवायला विधिमंडळच लागेल. महाबीज (राज्याचं बियाणे महामंडळ) कंपनी आहे, तिथे कंपनी कायदा. आदिवासी विकास महामंडळ मात्र १९७२ पासून सहकारी संस्था. म्हणजे सहकार कायद्याच्या कलम १०२ खाली अवसायनाचा (संस्था गुंडाळण्याचा) आदेश, मग कलम १०३ खाली ते काम करणारा अवसायक. एकच मुदत-कायदा तिघांना जसाच्या तसा लागू होणार नाही.

विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती आहे, पण तिच्या शिफारशीने काही आपोआप बंद पडत नाही. समिती गप्प बसली तरी संस्था चालूच राहते. टेक्सासमध्ये नेमकं याच्या उलट.

पंचवटी_४२२००३:
मुदतीचा नमुना आपल्याकडेही होऊन गेलाय: राज्याच्या विभागांच्या समतोल विकासासाठीची वैधानिक विकास मंडळं. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ ला आली, नाशिक 'उर्वरित महाराष्ट्र' मंडळात. मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली. वार्षिक अहवाल विधानसभेत ठेवायची तरतूद होती, पण मुदतवाढ त्या अहवालाशी कुठे बांधलेलीच नव्हती. नुसती तारीख घालून हेच होतं.

इंदिरानगरकर:
मग आदिवासी महामंडळाला तारीख कोणती घालावी?

गोदाकाठ:
टेक्सासमध्ये मुदत १ सप्टेंबरला संपते, ती तारीख नको. हे महामंडळ आदिवासी भागात आधारभूत किमतीने धान खरेदी करतं. त्या खरेदीचा खरीप पणन हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात, म्हणून ३० सप्टेंबर. तरी भरडाई (धानाचा तांदूळ करणं) रेंगाळते. त्या दिवशी गोदामात जे धान पडून असेल त्याची मालकी, बारदान्याचा (पोत्यांचा) हिशेब, गोदामभाडं, वजनातली घट कोणाच्या माथी आणि शेतकऱ्यांचे थकलेले चुकारे (धानाचे पैसे) कोण देणार, एवढं कायद्याच्या परिशिष्टातच लिहावं लागेल. ते अवसायकावर सोडलं तर चुकारे वर्षानुवर्षं लटकले म्हणून समजा.