पत्रं साचेबद्ध येतात त्याला पालक जबाबदार नाहीत

वर कुणीतरी म्हटलंय की नव्या बाईंना ओळख करून देणारी पोरांची पत्रं आईवडीलच लिहून देतात म्हणून सगळी सारखी येतात. अर्धंच पटलं. फळ्यावर "नाव, छंद, आवडता विषय" एवढंच लिहून दिलं तर पोरगं स्वतः लिहू दे नाहीतर बाप, क्रिकेट आणि चित्रकलाच येणार ना!

आमच्या सोलापुरात पूर्व भागातल्या मराठी शाळेत मी शिकवते, तिथं बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू, आणि हे कुठल्याच फॉर्मवरनं नीट कळत नाही. म्हणून जूनमध्ये शाळा उघडली की आधी मीच वर्गाला पत्र लिहिते (माझं अक्षर बघून पोरांना भलताच धीर येतो) आणि मग विचारते, घरी कुठली भाषा, अभ्यासाला कुठं बसता, वर्गात कशाची भीती वाटते. मराठी शब्द अडला तर घरचा टाका, देवनागरीतच लिहा, चुका काढणार नाही हे आधीच सांगते, लाल पेन हातात घेतलं की पुढच्या वेळी पत्र दोन ओळींचं येतं. एकानं लिहिलं, घरात दिवसभर माग चालतो म्हणून मी मोठ्यानं बोलतो, रागावू नका. दुसऱ्या एकीची आई विड्या वळते, संध्याकाळी पानं कापायला ही बसते, म्हणून गृहपाठ सकाळी. तिला वही आता दुपारी दाखवायला सांगते. हे पालकसभेत कोण सांगणार?