सलगी द्यायची असते की करायची?

रेघोट्या
गेले आठ महिने जेन ऑस्टिनच्या 'एमा'चं भाषांतर करतेय. कादंबरी १८१५ची, पण गाडी अडलीय ती आपल्याच एका शब्दावर.

हायबरी गावच्या पाद्रीबुवांची, म्हणजे एल्टनची, नवी बायको ब्रिस्टलहून येते. दहा हजार पौंडांची म्हणून तिची ख्याती, आणि तोंडी सतत मेहुण्याच्या मेपल ग्रोव्ह या वाड्याचं कौतुक. आल्या आल्या ती तिथल्या सगळ्यात मोठ्या जमीनदाराला नुसतं 'नाइटली' म्हणते. वर तो खरोखरच सभ्य गृहस्थ निघाला, अशी शिफारसही करते. तिची पाठ वळते न वळते तोच एमाचा भडका उडतो: ज्याला जन्मात कधी पाहिलं नव्हतं त्याला ही 'नाइटली' म्हणते! पानभर स्वभाववर्णनानं जे साधलं नसतं ते एका गळालेल्या 'मिस्टर'नं साधलंय.

एमाच्या तोंडी मी लिहिलं, 'एवढी सलगी!' माझं पहिलं वाचन मावशी करते. ती म्हणाली, सलगी हा चांगला शब्द आहे, इथे 'लगट' हवं. मला लगट म्हटलं की बाई-पुरुषामधलंच काहीतरी आठवतं. तुमच्याकडे सलगी कशी वापरतात?

जुना कारकून
मावशींचं बरोबर आहे. समर्थांनी संभाजीराजांना लिहिलेल्या पत्रात 'शिवरायांची सलगी देणें' असं आहे. सलगी थोरानं द्यायची असते. एल्टनबाईंना ती कोणी दिलीच नव्हती, मग ती सलगी कसली?

पाटीपेन्सिल
ते सतराव्या शतकातलं झालं. आमच्या घरी, कऱ्हाडला, 'त्या पोरांशी जास्त सलगी करू नको' हे मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. करणारा मी, आणि सूर नापसंतीचा. लोक जसा वापरतात तसा शब्द घ्यावा, चारशे वर्षांपूर्वीच्या अर्थाला बांधून ठेवू नये.

जुना कारकून
'जास्त' लावावं लागलं ना? म्हणजे नुसती सलगी वाईट नाही, हे तुमच्याच वाक्यावरून दिसतं.

ओवी
सलग, संलग्न, लागणं, लगट ही सगळी एका कुळातली, असं माझं मत आहे. आमचे आजोबा म्हणायचे, 'धाकट्याचं नि माझं वावर सलग आहे.' म्हणजे मध्ये बांध नाही. दोघांनी मिळून बांध काढला की सलगी. आणि शेजारी दर नांगरटीला वीतभर आत सरकतो त्याला बांध कोरणं म्हणतात. एल्टनबाई बांध कोरतेय. रेघोट्याताई, सलगी लिहू नका.

पाटीपेन्सिल
वावराचं सुंदर आहे, पण उच्चार जुळला म्हणून कूळ जुळत नाही. आणि एमा शेतकरीण नव्हे, तिच्या तोंडी बांध कोरणं कसं येईल?

जुना कारकून
मुळात अडचण सलगीची नाहीच, क्रियापदाची आहे. माझी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत गेली. 'देशपांडे, फाइल आणा' यात कोणालाच काही वाटायचं नाही. नुसतं आडनाव, पुढे 'आणा'. एकदा नवे तरुण साहेब आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, 'देशपांडे, फाइल आण.' देशपांडे अठ्ठावन्नला टेकलेले. त्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं, फाइल आणून दिली आणि परत जागेवर बसले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या खोलीत कोणी चहा मागवला नाही.

म्हणून विचारतो: तुमची एल्टनबाई 'नाइटली आले होते' म्हणते की 'नाइटली आला होता'? 'आले' म्हणाली तर मराठी वाचकाला काही खुपणारच नाही. मग एमा एवढी का चिडली, ते त्याला कळायचं कसं?

रेघोट्या
अगदी इथेच मी महिनाभर अडलेय! 'आला' केलं तर बाई भांडकुदळ वाटते. ती तशी नाही. आपण फार उच्चभ्रू बोलतोय अशीच तिची समजूत आहे. स्वतःच्या नवऱ्याला ती 'मिस्टर ई.' म्हणते, आणि परक्याचा मात्र 'मिस्टर' काढून टाकते.

बडोदेकर
'आमचे नाइटली' करून बघा. क्रियापद आदराचं राहतं आणि आगाऊपणा 'आमचे'मध्ये येतो. आमच्याकडे बडोद्यात भाई-बेन लावल्याशिवाय हाक पुरी होत नाही, त्यामुळे नुसतं नाव लगेच कानाला लागतं. पण पुण्यामुंबईच्या वाचकाला ते लागणार नाही. त्याला 'आमचे' लागेल.

पाटीपेन्सिल
त्याहून पुढे जा: 'नाइटलीभाऊजी'. मराठीत आगंतुक जवळीक अशीच होते, पहिल्या भेटीत नातं जोडून.

ओवी
सरे परगण्यातल्या पाद्रीणबाईच्या तोंडी भाऊजी? मग एमाच्या घराच्या, हार्टफील्डच्या अंगणात तुळशीवृंदावनही घाला. ज्याची त्याची रीत ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या. 'मिस्टर' काढला की तिथे काय होतं, हे वाचकाला कळेल. वाचक तेवढा शहाणा असतो.

पाटीपेन्सिल
रीत तिथलीच राहते, बोलणं इथलं होतं. यालाच भाषांतर म्हणतात. आणि नातंच बघायचं तर एमाची थोरली बहीण नाइटलींच्या धाकट्या भावाला दिलेली आहे. म्हणजे नात्याचा हक्क असलाच तर एमाचा. ती 'मिस्टर' सोडत नाही, आणि कालची आलेली बाई भाऊजी म्हणते. ठिणगी पडेल की नाही?

जुना कारकून
मुद्दा बिनतोड आहे, पण तरी भाऊजी नको. ऐकल्याबरोबर मला आमची चाळ दिसते.

मोरपीस
उशिरा आले. कादंबरीतल्या जेन फेअरफॅक्सला विसरू नका. एल्टनबाई तिला सर्रास 'जेन' म्हणते आणि ते ऐकून फ्रँक चर्चिलचा चेहरा बदलतो. जेनचा नि त्याचा चोरून साखरपुडा झालाय, हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं. पुढे सावत्र आईला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, मी तुमच्यापाशीसुद्धा अजून तिला त्या नावानं म्हटलेलं नाही, मग एल्टन मंडळींच्या तोंडी ते पुन्हा पुन्हा ऐकताना माझं काय झालं असेल! दुसऱ्यांदा वाचताना ते आधीचं चमकणं दिसतं आणि अंगावर काटा येतो. ज्याला हक्क आहे तो नाव राखून ठेवतो. जिला नाही ती ते उधळते.

ओवी
देवाच्या बाबतीत उलटं आहे ना? जनाबाई 'अरे विठ्या विठ्या' म्हणते. त्याहून मोठी सलगी कुठली?

जुना कारकून
तिला ती विठ्ठलानं दिली होती. माझंच म्हणणं झालं.

रेघोट्या
मोरपीस, अगदी बरोबर! आणि त्यालाच जोडून शेवटाकडचा संवाद. लग्न ठरल्यावर नाइटली विचारतात, आता तरी मला 'जॉर्ज' म्हणशील? एमा म्हणते, अशक्य. दहाएक वर्षांपूर्वी त्यांना डिवचायला एकदा म्हटलं होतं. ते चिडले नाहीत, म्हणून सोडून दिलं. मग ती कबूल करते की एकदा म्हणेन, आणि कुठे ते तुम्हीच ओळखा. म्हणजे चर्चमध्ये, लग्न लागताना. मी लिहिलंय, 'नाव घेईन. एकदाच.'

पाटीपेन्सिल
वा! बदलू नका.

ओवी
बदला. 'नाव घेईन' म्हटलं की वाचक उखाण्याची वाट बघणार.

मोरपीस
बघू दे की. माझ्या आजोबांचं नाव हरी. आजीनं ते उभ्या जन्मात उच्चारलं नाही. 'हरिपाठ आण' म्हणायची नाही, 'पाठाची पोथी आण' म्हणायची. 'नाव घेणं' याचं वजन मला तिच्यामुळे कळलं. एमाचंही वजन तेच आहे.

जुना कारकून
पण संध्याकाळी पाठ म्हणायला बसल्यावर? त्यात 'हरि मुखे म्हणा' पुन्हा पुन्हा येतं.

मोरपीस
तिथे तो देव होता, त्यामुळे मोकळेपणानं म्हणायची. फक्त आजोबा ओसरीवर असले की आवाज तेवढ्या शब्दापुरता खाली यायचा.