काड्यांचे पूल आडवे पडतात, काय चुकतंय?

काडीपेटी:
शनिवारी दोन तास माझ्याकडे आठ मुलं येतात, नऊ ते अकरा वर्षांची. आईस्क्रीमच्या काड्या आणि गोंद देऊन ४० सेंटीमीटरचा पूल करायला सांगितला. तो दोन टेबलांवर ठेवायचा, मधोमध बादली टांगायची आणि मापाने पाणी ओतत जायचं. सगळे पूल त्रिकोणांचे, दिसायला फक्कड. पण तिसऱ्या-चौथ्या लिटरला कूस बदलल्यासारखे आडवे होतात. काडी एकही मोडत नाही! मुलांचं उत्तर ठरलेलं: "अजून गोंद." मी कॉमर्सवाली. काय सांगू त्यांना?

गर्डरआजोबा:
काडी मोडत नाही, यातच सगळं आलं. बादली टांगली की खालच्या काड्या ताणल्या जातात, वरच्या दाबल्या जातात. ताणलेली काडी गुमान सरळ राहते. दाबलेली पळवाट शोधते, बाजूला वाकते. तुमच्या दोन्ही कैच्या (म्हणजे दोन बाजूंच्या त्रिकोणी चौकटी) वरून एकमेकींना बांधल्यात का? नसणार. वर आडव्या काड्या टाका, तिरक्याही टाका. नुसत्या आडव्या टाकल्या तर चौकोन होतात, आणि चौकोन कलतो.

मुलांना हे आधी सांगू नका हं. प्लास्टिकची पट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबायला लावा, धनुष्यासारखी वाकेल. मग दुसऱ्याने ती मधोमध चिमटीत धरायची आणि पुन्हा दाबायचं. मोकळी लांबी निम्मी झाली की सोसायची ताकद जवळपास चौपट होते. मी हे फळ्यावर शिकलो, कळलं मात्र साइटवर.

कॅनडातला क्यूबेकचा पूल १९०७ साली बांधतानाच कोसळला, ७५ कामगार गेले. दाबातले खालचे भाग वाकलेले आधीच दिसले होते, तरी काम चालू राहिलं. (हो, तिथे खालचे. तो खांबावरून दोन्हीकडे झेपावणारा पूल, त्यात दाब खाली येतो. एखादं पोर विचारेलच.)

अर्धवट:
गोंद रात्रभर वाळू देता का? त्याच दिवशी बादली टांगली तर सांधे सरकणारच. कपड्यांचे चिमटे लावून ठेवा.

गर्डरआजोबा:
बरोबर, पण एका वेळी एकच बदल. दोन्ही केले तर फरक कशाने पडला ते कळायचं कसं?

काडीपेटी:
आजचा निकाल. गोंद तेवढाच, वाळायला वेळही तेवढाच, फक्त वरून बांधले. एक पूल नवव्या लिटरपर्यंत टिकला आणि मग खालचा सांधा सुटला. जिचा होता तिने तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "ताई, गोंद इथे हवा होता."